आज ‘ना’ म्हणायचं नाही

मी तोंडाची फटकळ. माहेरी सगळे म्हणायचे, हिला मुका नवरा मिळाला तरच हिचा संसार टिकायचा. तेव्हा मीही त्यांच्यात बसून खदखदून हसायची. मिळाले ते चांगले बोलके, आणि पुढे स्नायूंच्या आजाराने ह्यांचे आधी पाय गेले, मग हात, मग वाचा. आता कोणी ती गंमत करून दाखवावी, त्याचं थोबाड रंगवीन.

त्या शनिवारपर्यंत ह्यांचं ऐकणाऱ्या दोनच गोष्टी अंगात उरल्या होत्या, डोळे आणि उजव्या हाताचा अंगठा. डोकं मात्र शाबूत, पूर्वीइतकंच खवचट. हे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. आमचं छोटंसं दुकान होतं. आतल्या खोलीत हे, बाहेर काउंटरवर मी. हात चालत होते तोवरच ह्यांनी स्वतःसाठी एक मशीन जुळवून ठेवलं. पडद्यावर सगळी अक्षरं ओळीने मांडलेली. त्यांच्यावरून एक पिवळा उजेड सरकत जातो, आधी एकेका ओळीवरून, मग त्या ओळीतल्या एकेका अक्षरावरून. हवं तिथे आला की ह्यांनी अंगठ्याखालचं बटण दाबायचं. अक्षराला अक्षर जोडत वाक्य होतं, आणि शेवटी मशीन ते मोठ्याने बोलतं. मशीन पुढचा शब्द सुचवायचंही, पण ते ह्यांनी पहिल्याच दिवशी बंद केलं. ‘माझ्या तोंडी कोणी शब्द घालायचे नाहीत,’ असं त्या मशीनकडूनच वदवलं.

पुरुषाचा आवाज काही धड मराठी बोलेना, म्हणून ह्यांनी बाईचा घेतला. म्हणजे माझ्या नवऱ्याच्या तोंडून दिवसभर एक परकी बाई गोड गोड बोलणार! मी तिला सवत म्हणते. भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, म्हणायचे, "वहिनी, नशीब समजा. ही सवत भांडत तरी नाही."

आदल्या शनिवारी डॉक्टरबाई येऊन ह्यांच्या उशाशी बसल्या आणि काही न लपवता बोलल्या. श्वास कमी पडत चाललाय. एक दिवस तो पुरणारच नाही. तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी घालता येईल आणि श्वासाच्या यंत्रावर ठेवता येईल. त्यावर बरीच वर्षं निघू शकतात, पण यंत्र मग सुटणार नाही. नळी नको असेल तर औषधं आहेत. जीव घाबरा होऊ न देता, शांतपणे जाऊ द्यायचं.

"पण हे मला तुमच्याकडून हवंय," त्या ह्यांना म्हणाल्या. "घरच्यांकडून नाही."

उजेड सरकत राहिला, टिकटिक झाली आणि सवत म्हणाली, "शनिवारी सांगतो."

तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. मला नळी हवी होती. स्वार्थ म्हणा हवं तर. अंथरुणात डोळे उघडे असलेला माणूस मला पुरत होता. भाऊजींना नको होती. ते बस चालवतात, रजा टाकून आमच्याकडे येऊन राहिले होते, आणि शुक्रवारी रात्री ह्यांना धाप लागली तेव्हा पाठीला हात लावून तेच बसले होते. पहाटे स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "वहिनी, दादाला सुटू द्या आता." मी त्यांच्यापुढे चहाचा कप आदळला.

आणि शनिवारी सकाळी मशीन चालू होईना.

मी नेहमीसारखं ह्यांचं तोंड पुसलं, अंगठ्याखाली बटण बांधलं, मशीनचा खटका दाबला. काही नाही. परत दाबला. डब्यातून हूं नाही की चूं नाही. दुकानात फोन आला की मी गिऱ्हाइकाला घडाघडा विचारायची, लाइट लागतो? पंखा फिरतो? काही आवाज येतो? तिन्हीला ‘नाही’ आलं की आत हाक मारायची, "अहो, पॉवर सप्लाय!" वीज घेऊन सगळ्या मशीनला वाटणारा तो आतला चौकोनी डबा. आज हाक मारली नाही. हे समोरच होते आणि त्यांनी माझ्या आधी ओळखलं होतं.

ह्यांच्या हाताखाली शिकून ज्याने पुढे स्वतःचं दुकान टाकलं, त्याला फोन लावला. तो नेमका बाहेरगावी. "काकू, रात्रीपर्यंत पोचतो," म्हणाला. डॉक्टरबाईंना फोन लावून रात्रीच्या धापेसकट सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "कालच्यासारखी धाप आज पुन्हा लागली, तर मी काय करायचं ते मला आज दुपारीच कळायला हवं. मी येतेय."

"एवढं कशाला, वहिनी?" भाऊजी म्हणाले. "डोळ्यांनी सांगतोच की तो." एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही, असं आमचं ठरलेलं होतं. भाऊजी वाकले. "दादा, नळी नको ना?"

ह्यांनी एकदा पापणी मिटली.

"बघा. हो म्हणाला."

"कशाला हो म्हणाले?"

"नको म्हणाला."

"हो म्हणाले की नको म्हणाले? एक काय ते सांगा!"

"अहो, मी विचारलं नको ना, तो म्हणाला हो. म्हणजे नको."

"किंवा ‘हो, हवी’." मी त्यांना कोपराने बाजूला सारलं. "अहो, नळी हवी ना?"

ह्यांनी एकदा पापणी मिटली.

"बघा. मलाही हो म्हणाले."

हे छताकडे बघत होते. थकले होते की आमची फिरकी घेत होते, देव जाणे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मुडदा बसवला ह्या ‘ना’चा!" मी म्हटलं. "आज ह्या घरात कोणी ‘ना’ म्हणायचं नाही. विचारायचं ते सरळ विचारायचं."

"बरं. नाही म्हणत."

मग मीच सरळ विचारलं. "नळी घालायची?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मिटलेलेच ठेवले. त्याला हो म्हणावं की नाही, काही कळेना. उघडले ते थेट मशीनकडे वळले.

"स्वतःच बोलायचंय?"

एकदा. ठणठणीत.

भाऊजींनी अक्षरांचा कागदी तक्ता आणला. मी बोट फिरवायचं, ह्यांनी पापणी मिटायची. पूर्वी करून पाहिला होता. चार अक्षरांत पापण्या जड व्हायच्या आणि मिटलेला डोळा हो म्हणून मिटला की थकून, ते समजायचं नाही. तरी मी बोट ठेवलं. भाऊजी हळूच म्हणाले, "राग मानू नका वहिनी, पण तुमच्या बोटावर माझा भरवसा नाही."

राग आला. पण त्या दिवशी माझ्या बोटावर माझाच कुठे होता? मी तक्ता गुंडाळून टाकला, मशीनचा डबा ओढून ह्यांच्या डोळ्यांसमोर स्टुलावर ठेवला आणि पदर खोचला. "सांगा आता काय करायचं. तुम्ही डोळे चालवा, मी हात चालवते."

"आधी भिंतीतला करंट बघू?" हो. टेबलावरचा दिवा तिथे लावला, लागला. "कॉर्ड?" हो. पडद्याची कॉर्ड काढून मशीनला लावली, मशीनची पडद्याला. पडद्याचा दिवा लागला, मशीन ढिम्म. "मागचा काळा खटका?" तोही चालूच होता.

"म्हणजे उघडावं लागेल ना?" भाऊजी म्हणाले.

"ना!" मी ओरडले.

"चुकलं. उघडावं लागेल."

इतकी वर्षं मी दुकानात डबे घेतले आणि डबे दिले, आत हात कधी घातला नव्हता. झाकण निघालं तसा धुळीचा वास आला. वायरींचा हा गुंता! "पॉवर सप्लायच गेलाय, असं वाटतंय?" मी विचारलं. हे ना हो म्हणेनात, ना नाही. नजर माझ्या डोक्यावर खिळली.

"काय, केस विस्कटलेत? आत्ता सुचतंय तुम्हाला?"

दोनदा. नाही. आणि परत माझ्या केसांकडे.

मग डोक्यात उजेड पडला. दुकानात काम करता करता हे आतल्या खोलीच्या दारातून, मागे न बघता, काउंटरकडे नुसता हात पसरायचे आणि मी अंबाड्यातली पिन काढून त्या हातावर ठेवायची. सप्लायची जाड वायर मशीनपासून सोडवायची आणि तिच्या तोंडाशी हिरवी तार नि काळी तार पिनेने जोडायची. सप्लाय जिवंत असेल तर त्याचा पंखा एकट्याने फिरतो. मेला असेल तर नाही. गिऱ्हाइकाला वाटायचं, काय जादू करतात! मला वाटायचं, मेल्यांनी माझा अंबाडा सोडला.

"पिन?" हो. "आधी भिंतीतून काढायचं?" हो, हो, हो. तिसऱ्यांदा मिटली ती ओरडल्यासारखीच होती. प्लग काढला. जाड वायर मशीनच्या आतल्या बोर्डातून निघता निघेना, भाऊजींनी डबा धरला तेव्हा निघाली. मी पिन वाकवली. "ही हिरवी?" हो. "तिच्या शेजारची काळी?" हो. दोन्ही टोकं आत सारली आणि हात मागे घेतला. भाऊजी भिंतीपाशी उभे. मी ह्यांच्याकडे पाहिलं. एकदा. भाऊजींनी प्लग लावून खटका खाली केला.

काही नाही.

भाऊजी पलंगाच्या कडेवर टेकले. "गेला, वहिनी. गेला तो."

माझं काळीज लक्‍कन हललं. "कोण गेला? नीट बोलायला काय होतं तुम्हाला?"

"सप्लाय हो!"

ह्यांचा श्वास ऐकू येत होता. घेताना बारीक शिट्टी वाजत होती. तोंडं पाडून बसलो होतो आम्ही, आणि हे मात्र पापण्या मिटत होते. दोनदा. थांबून परत दोनदा.

"गेला नाही ना?" म्हणता म्हणता मी जीभ चावली. "थांबा, थांबा. परत करायचं?"

हो.

"तार चुकली?" नाही. "पिन नीट आत गेली नाही, तसं वाटतंय?" नाही. "मग दुसरी पिन?" ह्यांनी डोळे मोठे केले, पण मिटले नाहीत. म्हणजे जवळ आले होते, पोचले नव्हते. भाऊजींना प्लग काढायला लावला, पिन उपसली आणि खिडकीशी नेऊन पाहिली. नवी कोरी, काळीभोर, चकचकीत.

अगं बाई! रंग.

दुकानात माझ्या डोक्यात असायच्या त्या पिना जुन्या, वापरून वापरून रंग उडालेल्या. ही परवा आणलेल्या पाकिटातली होती. रंगातून कुठली जाणार वीज? "रंग खरवडू?" मी विचारलं आणि ह्यांनी डोळा असा मिटला, की मशीन चालू असतं तर सवतीने मला बावळट म्हटलं असतं. भाजी चिरायची सुरी आणून दोन्ही टोकं पांढरी होईस्तोवर खरवडली. परत हिरवी, परत काळी. भाऊजींनी खटका खाली केला.

घुर्रर्र. पंखा फिरला.

पंखा फिरताना बघून कधी रडू येईल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. भाऊजी तर चक्क "दादा, दादा, फिरला!" म्हणून लहान मुलासारखे ओरडले. क्षणभर आम्ही दोघं विसरलोच, की मशीन चालू झाल्यावर ते काय बोलणार आहे.

तेवढ्यात डॉक्टरबाईंचा फोन. दवाखान्यातून निघाल्या होत्या.

"सप्लाय चांगला आहे," मी ह्यांना म्हटलं. "मग आतलंच काहीतरी त्याला चालू होऊ देत नाही?" हो. "एकेक काढत जायचं?" हो. जाड वायर परत बोर्डात बसवली आणि एकेक काढायला लागलो. जुनी सीडीची खोबण सोडवली, खटका दाबला, काही नाही. हार्ड डिस्क सोडवली. काही नाही. कीबोर्ड, स्पीकर, माऊस. प्रत्येक वेळी प्लग काढा, वायर काढा, प्लग लावा, खटका दाबा. भाऊजींच्या कपाळावरून घाम ठिबकायला लागला. माझ्या बोटाला पत्रा लागून रक्त आलं, ते मी पदराला पुसलं. मशीन ढिम्म ते ढिम्म.

"संपलं," भाऊजी म्हणाले. "आता काढायला काही उरलंच नाही."

ह्यांची नजर स्वतःच्या हातावर होती. मला वाटलं अंगठा दुखतोय, म्हणून चोळायला गेले. दोनदा पापणी. नाही. नजर हलेना. अंगठा, अंगठ्याखालचं बटण, बटणातून निघालेली पांढरी वायर, ती चादरीवरून, स्टुलावरून मशीनच्या पाठीत गेलेली. बाकी सगळं काढलं आणि एवढी एकच राहिली होती. आम्हाला ती मशीनची वाटलीच नव्हती. ती ह्यांची वाटत होती.

मी ती उपटली. बोर्डावर कोपऱ्यात एक हिरवा दिवा आपोआप लागला.

बटणाची डबी उघडून पाहिली. आत सगळं चिकट, तारा हिरव्या पडलेल्या. ह्यांची लाळ. दिवसभर टिपते मी, तरी थेंब थेंब करून हातावर उतरली असणार आणि डबीत गेली असणार. ओल्या डबीत तारेला तार चिकटली होती आणि सप्लाय धोका ओळखून स्वतःला बंद करून घेत होता. बटणाशिवाय ह्यांना बोलता येत नव्हतं, आणि बटण असेपर्यंत मशीन चालू होत नव्हतं.

"माऊस चालेल?" मी विचारलं. हो. पण माऊसचं बटण त्या अंगठ्याला कुठलं दाबायला? उलटा करून स्क्रू काढला, वरचं कवच उचकटलं. आत बारीक पांढरी कळ होती, नुसता स्पर्श केला तरी टिक वाजणारी. ती अंगठ्याखाली आणली आणि पट्ट्याने हातावर बांधली. अंगठा हलला. टिक.

सगळं परत जागेवर जोडलं. आता फक्त मशीनचा खटका दाबायचा. मी बोट ठेवलं आणि तिथेच थांबले.

खाली गाडीचं दार वाजलं.

"वहिनी," भाऊजी अगदी हळू म्हणाले, "दाबू नका."

मी मान वळवून पाहिलं.

"तो नळी घाला म्हणाला, तर मला त्याला रोज त्या यंत्रावर बघवणार नाही. आणि नको म्हणाला, तर..." त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. "डॉक्टरांना सांगू, नाही झालं चालू. मग त्या आपल्यालाच विचारतील."

खोटं कशाला बोलू? माझ्याही मनात तेच होतं. मशीन बंद राहिलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं, हवी ना विचारलं तर हो म्हणाले. भाऊजींशी भांडले असते, पण रेटून नेलं असतं. भांडणात मला कोण हरवतंय?

हे आमच्याकडे बघत होते. सगळं ऐकू येत होतं ह्यांना; कान कुठे गेले होते? बंद पडलेली मशीनं चालू करण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्या डोळ्यांदेखत चालू होणारं मशीन बंद ठेवायचं! एवढं माझ्याने झालं नाही. मी दाबला खटका. घुर्रर्र झालं, पडदा उजळला, अक्षरं आली.

डॉक्टरबाई आत आल्या तेव्हा जमिनीवर स्क्रू, सुरी, वायरी आणि माझा सुटलेला अंबाडा. त्यांनी काही विचारलं नाही. खुर्ची ओढून बसल्या. "सांगा," त्या ह्यांना म्हणाल्या. "मला घाई नाही."

पिवळा उजेड सरकायला लागला. टिक. टिक. पहिलं अक्षर उमटलं. न.

भाऊजींच्या मनात ‘नको’चा न आला असणार. माझ्या मनात ‘नळी’चा. पुढचा ळ आला आणि मी श्वास सोडला. मग वेलांटी. नळी.

आपल्या भाषेचा मला एवढा राग कधी आला नव्हता. काय करायचं आणि काय नाही, ते अगदी शेवटी. तोपर्यंत माणसाने जीव टांगून बसायचं! उजेड खाली गेला, वर आला. घ. मग काना. घा. मग ल. घाल. आता एक काना दिला की ‘घाला’ झालं. काना-मात्रेच्या ओळीत काना पहिलाच असतो. उजेड त्या ओळीवर आला, टिक. कान्यावर आला.

दाबा, दाबा, दाबा.

उजेड पुढे गेला. पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, पहिला उकार, दुसरा उकार. टिक.

नळी घालू.

भाऊजींनी माझं मनगट धरलं. कोणी कोणाला धरलं ते आता आठवत नाही. ‘घालू द्या’ होऊ शकत होतं. ‘घालू नका’ही होऊ शकत होतं. उजेड ओळी उतरत आला. क ची ओळ, च ची, ट ची, मग त ची. टिक. त, थ, द, ध, न. मेली दोन्ही अक्षरं एकाच ओळीत! उजेड त वर थांबला. थ वर थांबला. द वर आला. मी अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा कळीवरच होता.

ध.

न. टिक.

"चुकलं!" मी ओरडले. "बटण नवीन आहे, अंगठा उशिरा पडला. त्यांना द हवा होता. अहो, पुसायचंय? पुसायचंय?" पुसायची चौकट वरच्या कोपऱ्यात असते. उजेड तिच्यावर आला. मी चौकटीकडे बघत होते, हे माझ्याकडे बघत होते. उजेड पुढे सरकला. मग ह्यांनी नजर पडद्यावर नेली आणि क आला. काना आला. शेवटी बोलायच्या चौकटीवर टिक झालं.

"नळी घालू नका," सवत गोड आवाजात म्हणाली.

ज्यांना हेच हवं होतं, ते भाऊजी पलंगाशी मटकन खाली बसले आणि ह्यांच्या पायांवर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागले. "मी म्हटलं म्हणून नाही ना, दादा? मी म्हटलं म्हणून नाही ना?" ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, पापणी मिटली नाही. त्या प्रश्नाला कसली पापणी मिटणार?

आणि मी? मी भांडले. मला दुसरं येतं काय? "कशाला चालू केलं मी हे डबडं!" मी ह्यांच्यावर ओरडले, डॉक्टरबाईंदेखत. "स्वतःच्या हाताने केलं! बोट कापून घेतलं! पडू द्यायचं होतं बंद! सकाळी मला हो म्हणाला होतात तुम्ही. हवी ना विचारलं तर हो म्हणाला होतात!"

उजेड परत सरकायला लागला होता. मी गप्प झाले. ते बोलत असताना मधे बोलायचं नाही, एवढं मी पाळते. ह्या वेळी वाक्य लांब होतं. मधे दोनदा अंगठा थकला, दोनदा मी तो कळीवर नीट ठेवला. अक्षरं वाचायची नाहीत म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं होतं. डॉक्टरबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"नाहीतर माझ्यामागे भांडत बसला असतात दोघं," सवत म्हणाली.

भाऊजींनी डोकं वर केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. बसलोच असतो. ते म्हणाले असते, दादा नको म्हणाला होता, मी म्हटलं असतं, हवी म्हणाले होते, आणि मरेपर्यंत एकमेकांचं तोंड पाहिलं नसतं.

डॉक्टरबाईंनी पेन काढलं. मग थांबून मला विचारलं, "लिहू ना मी तसं?"

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "त्यांनी सांगितलंय तुम्हाला. लिहा."